‘थांबून बघू’ म्हणताना कधीपर्यंत, तेही ठरवा

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात राहतो. माझा मुलगा १९ महिन्यांचा आहे. त्याचा जन्म ठरल्या तारखेच्या आठ आठवडे आधी झाला आणि पहिले तीन आठवडे तो काचेच्या पेटीत होता. बसणे, उभे राहणे सगळे उशिरा झाले. आधार सोडून चालायला लागून आता कुठे तीन आठवडे झाले आहेत. तो एकही शब्द नीट बोलत नाही. आजीला ‘ज्जी’, कुत्र्याला ‘भू’ आणि वडिलांना ‘बा’ म्हणतो, एवढेच. काही हवे असले की ओढत घेऊन जातो. लाडवाचा डबा उघडला नाही तर माझा हात धरून झाकणावर ठेवतो. ऐकू तर येते, कारण कुकरच्या शिट्टीला दचकतो. जावेची मुलगी त्याच्याहून १५ दिवसांनी लहान, पण दोन-दोन शब्द जोडून बोलते. संक्रांतीत बोरन्हाणाला सगळे जमले तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी तीच तुलना होती. मोबाइलवर आलेल्या तक्त्यात दीड वर्षाला २० शब्द यायला हवेत असे लिहिले आहे. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही तीन वर्षांनी बोलला. त्या कन्नड बोलतात आणि आम्ही मराठी, त्यामुळे त्याचा गोंधळ होतो असेही काही जण सांगतात. डॉक्टर म्हणाले, थांबून बघू. मी उगाच काळजी करते आहे, की उशीर करते आहे?

— एक आई

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुमची काळजी उगाच नाही, आणि उशीरही झालेला नाही. मात्र यापुढचे सहा महिने काहीही न करता नुसते वाट पाहण्यात गेले, तर तो उशीर ठरेल. श्रवणाची तपासणी याच महिन्यात करून घ्यावी आणि विकासाची पद्धतशीर चाचणी त्यामागोमाग करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. असे का म्हणते, ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रात काही गोष्टी तुम्हाला वाटतात त्याहून चांगल्या आहेत आणि एक-दोन गोष्टी तुम्ही सहज लिहून गेलात, पण त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

पहिला मुद्दा वयाचा. जे मूल दिवस भरण्याआधी जन्मते, त्याचा विकास जन्मतारखेवरून नव्हे, तर ज्या तारखेला ते जन्मायला हवे होते त्या तारखेवरून मोजायचा असतो, कारण गर्भाशयात व्हायची मेंदूची आणि स्नायूंची तेवढी वाढ त्या मुलाला बाहेर येऊन पुरी करावी लागते. ही वजाबाकी साधारण दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत करतात. त्या हिशेबाने तुमचा मुलगा १९ नव्हे, १७ महिन्यांचा आहे; यालाच सुधारित वय म्हणतात. आणि जावेची मुलगी जन्मदाखल्यावर १५ दिवसांनी लहान असली, तरी विकासाच्या दृष्टीने ती त्याच्याहून सुमारे ४० दिवसांनी मोठी आहे. या वयात ४० दिवस फार मोठे असतात. शिवाय दीड वर्षाच्या सुमारास दोन शब्द जोडणारी मुलगी लवकर बोलणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे तिच्याशी केलेली तुलना तुमच्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही.

चालण्याची चिंता तर आता सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांच्या हालचालींची नोंद ठेवली होती आणि आपल्याकडची मुले दिल्लीतील होती. त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने, तर एकट्याने चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा निघाला. म्हणजे अगदी निरोगी मुलांमध्येही पहिल्या चालणाऱ्यात आणि शेवटच्या चालणाऱ्यात नऊ महिन्यांहून अधिक अंतर असते. तुमचा मुलगा चालू लागला तेव्हा त्याचे सुधारित वय सुमारे साडेसोळा महिने होते, म्हणजे तो या मर्यादेच्या आत आहे. त्याच अभ्यासात ४.३ टक्के मुले हातापायांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरीही व्यवस्थित चालली. आमचे बाळ रांगले नाही, थेट उभे राहिले, म्हणून घाबरून लिहिणाऱ्या इतर वाचकांनीही हे ध्यानात घ्यावे. (आणि चालायला लवकर शिकावे म्हणून चाकांचा बसता वॉकर कोणी आणून दिला, तर तो परत करावा. अशा वॉकरने मूल लवकर चालत नाही, उलट पायऱ्यांवरून किंवा चुलीवर जाऊन आपटते. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते.)

आता त्या मोबाइलवरच्या तक्त्याबद्दल. असा कोणताही तक्ता हाती आला की आधी एक प्रश्न विचारावा : यात लिहिलेले वय सरासरी मुलाचे आहे, की बहुतेक सगळ्या मुलांचे? तक्त्यांतला सगळा घोळ इथेच होतो. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते म्हणून १५ जूनपर्यंत पाऊस न आल्यास कोणी दुष्काळ जाहीर करत नाही, पण जुलै कोरडा चालला तर शेतकरी हातावर हात ठेवून बसतही नाही; या दोन तारखांमध्ये जो फरक आहे, तोच सरासरी वय आणि शेवटची मर्यादा यांच्यात आहे. सरासरीच्या तक्त्यात निम्मी मुले मागेच दिसणार, त्यात त्यांचा काही दोष नसतो. अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राने याच कारणासाठी २०२२ साली आपला तक्ता बदलला : आधी जे टप्पे साधारण निम्मी मुले गाठत, त्या वयाखाली ते दिले जात, आता निदान ७५ टक्के मुले जे गाठतात, तेच त्या वयाखाली ठेवले आहे, आणि रांगणे त्या यादीतून काढून टाकले आहे. या बदललेल्या यादीत दीड वर्षाला २० शब्दांची अपेक्षा नाही. आई-बाबा या शब्दांखेरीज तीन किंवा अधिक शब्द म्हणण्याचा प्रयत्न, एवढीच आहे. सव्वा वर्षाला असे एक-दोन शब्द.

आपल्याकडेही यासाठी चांगले काम झाले आहे. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांवर चाचण्या घेऊन टप्प्यांची वये निश्चित केली आणि त्यांच्या आधारे तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १७ गोष्टींचा एक साधा तक्ता बनवला. त्यात प्रत्येक गोष्टीसमोर ठिपका नाही, आडवी पट्टी आहे, म्हणजे ती गोष्ट मुले कधीपासून कधीपर्यंत करू लागतात तो सगळा काळ. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. तिच्या डाव्या बाजूला जी पट्टी पूर्ण संपली आहे ती गोष्ट मुलाला येत नसेल, तर पुढची तपासणी करायची. पेन्सिल ज्या पट्टीच्या मधून जाते, त्या गोष्टीसाठी अजून वेळ आहे. कोणताही तक्ता वाचताना ही पट्टी डोळ्यांसमोर ठेवा. तुमच्याजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डातही वजनाच्या आलेखाबरोबर या टप्प्यांची चित्रे दिलेली आहेत. लसीकरणाच्या तारखांपलीकडे ते कार्ड बहुतेक घरांत उघडलेच जात नाही, याचे मला वाईट वाटते.

आता बोलण्याकडे वळू. तुम्ही लिहिता, ‘एकही शब्द नीट बोलत नाही’, आणि पुढच्याच वाक्यात तीन शब्द सांगता. एखादे मूल एकाच व्यक्तीसाठी किंवा वस्तूसाठी, दर वेळी, स्वतःहून एकच ध्वनी वापरत असेल, तर तो त्याचा शब्द असतो, मग उच्चार कितीही अर्धवट असो. ‘ज्जी’ हा अज्जीसाठी आहे आणि तो सासूबाईंच्या कन्नडमधला आहे, म्हणून तो मोजायचा नाही असे नाही. दोन भाषांच्या घरात दोन्हींतले शब्द मिळून एकच बेरीज करायची असते. दोन भाषांमुळे बोलणे लांबते, हा समज चुकीचा आहे. जत, मिरज, अक्कलकोट, गडहिंग्लज या सगळ्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या मुले दोन्ही भाषा ऐकत वाढली आहेत. सासूबाईंना मराठीत बोलायची सक्ती करू नका. ज्या भाषेत त्या मनापासून, भरभरून बोलतात, तीच नातवाच्या कामाची आहे.

तर हिशेब असा, की वडिलांसाठीचा ‘बा’ सोडून त्याच्याजवळ दोन शब्द आहेत. १७ महिन्यांच्या सुधारित वयाला हे प्रमाण चिंताजनक नाही, पण काठावरचे आहे. आणि काठावर असताना शब्दांची संख्या फार काही सांगत नाही. शब्दांआधी जे येते, ते पाहावे लागते. मला तुमच्या पत्रातला लाडवाचा डबा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो तुमचा हात झाकणावर ठेवतो, हे तुम्ही लिहिले. पण त्या क्षणी तो तुमच्या तोंडाकडे पाहतो का, हे लिहिले नाही. डबा, मग तुमचा चेहरा, पुन्हा डबा, अशी नजर फिरत असेल, तोंडाने ‘अं अं’ चालू असेल, डबा उघडल्यावर तो तुमच्याकडे बघून हसत असेल, तर तो शब्दांशिवाय तुमच्याशी बोलतोच आहे आणि शब्द त्यामागून येण्याची शक्यता पुष्कळ आहे. पण तो नुसता हात पकडून झाकणावर ठेवत असेल, जणू हात हे माणसापासून वेगळे काही आहे, आणि तुमच्याकडे एकदाही पाहत नसेल, तर ते वेगळे चिन्ह आहे आणि त्यासाठी तपासणी लांबणीवर टाकू नये.

याच अंगाने आणखी काही पाहून ठेवा. आकाशात विमान गेले, दारात गाय आली, तर बोट दाखवून तो तुम्हाला ते ‘बघ’ म्हणून सुचवतो का? मागण्यासाठी बोट दाखवणे वेगळे आणि केवळ तुम्हाला दाखवावे म्हणून बोट दाखवणे वेगळे. दुसरे दीड वर्षाच्या सुमारास दिसायला हवे. मागून, हाताचा इशारा न करता, नावाने हाक मारली तर वळतो का? ‘चप्पल आण’, ‘बॉल दे’ एवढे नुसत्या शब्दांवरून, बोट न दाखवता त्याला कळते का? खोटे खोटे जेवण भरवतो का, फोन कानाला लावतो का? ज्या मुलाला समजते बरेच आणि बोलता येते थोडे, त्या मुलाचे पुढे बहुधा चांगले होते. समजणेही कमी असेल, तर मात्र वाट पाहू नये. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी पालकांना विचारायची २० प्रश्नांची ‘एम-चॅट’ नावाची प्रश्नावली आहे, तुमच्या डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. तिच्यावरून निदान होत नाही, पण पुढे तपासावे की नाही हे ठरते.

आणि कुकरची शिट्टी. ताई, कुकरच्या शिट्टीला दचकणे म्हणजे बोलणे नीट ऐकू येणे नव्हे. ती शिट्टी इतकी मोठी असते, की बऱ्यापैकी श्रवणदोष असलेले मूलही तिला दचकते. बोलणे शिकायला ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ असे हलके, उंच पट्टीचे ध्वनीही ऐकू यावे लागतात, आणि काही मुलांना नेमके तेच ऐकू येत नाहीत. अशा मुलांना हाक कळते, मोठा आवाज कळतो, त्यामुळे घरात कोणाला शंकाही येत नाही. शिवाय तुमचा मुलगा तीन आठवडे अतिदक्षता विभागात होता. अपुऱ्या दिवसांची, पाच दिवसांहून अधिक काळ तिथे राहिलेली, तिथे काही विशिष्ट प्रतिजैविके दिली गेलेली किंवा फार वाढलेली कावीळ झालेली मुले श्रवणदोषाचा धोका अधिक असलेल्या गटात येतात. जन्मल्यावर कानात छोटी नळी ठेवून केलेली तपासणी नीट आली असली, तरी अशा मुलांसाठी ती पुरेशी मानत नाहीत, कारण ती कानाच्या आतल्या भागापर्यंतचीच असते; मेंदूकडे जाणाऱ्या नसेची ‘बेरा’ चाचणी करावी लागते. ती मूल झोपेत असताना होते, दुखत नाही. कानाच्या पडद्यामागे सर्दीनंतर पाणी साचून राहिले असले तरी ऐकणे मंद होते, तेही या निमित्ताने तपासून होईल. बोलायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिली तपासणी कानाची, हा नियम मला कुठल्याही परिस्थितीत मोडावासा वाटत नाही.

घरातल्या मंडळींच्या म्हणण्याबद्दल थोडक्यात. मुलगे सरासरीने किंचित उशिरा बोलतात हे खरे, पण तो फरक थोड्या आठवड्यांचा, फार तर एखाद-दोन महिन्यांचा असतो. त्याच्या आडोशाने वर्ष घालवता येत नाही. आणि बाप तीन वर्षांनी बोलला असेल, तर तो निर्धास्त राहण्याचा आधार नसून लक्ष देण्याचे कारण आहे, कारण उशिरा बोलणे अनेक घराण्यांत पिढीजात असते आणि अशा घरातल्या मुलाकडे थोडे अधिकच पाहावे लागते. सासूबाईंना हे दुखावून सांगू नका; ‘तुम्ही सांगितलेत म्हणूनच डॉक्टरांना ती माहिती देते’ असे म्हणा, ते खरेही आहे. कोणी जीभ चिकटलेली आहे म्हणून कापून घ्या म्हटले, तर ते ऐकू नये. त्याने काही उच्चार अडतात, बोलणे सुरू व्हायचे थांबत नाही.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत घरी बरेच करता येते, आणि त्यासाठी निदानाची वाट पाहायची नसते. जेवताना मोबाइल असेल, तर आधी तो बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवूच नये. मोबाइलने मूल मुके होते असे मी म्हणत नाही. पण घास भरवण्याचा तो अर्धा तास दिवसातला सर्वांत मोकळा, समोरासमोर बसण्याचा वेळ असतो आणि तो पडदा खाऊन टाकतो. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. तो ज्याकडे पाहतो आहे त्याचेच नाव घ्या, एका-दोन शब्दांत : ‘भात’, ‘गरम भात’. प्रश्न विचारलात, तर मनात दहापर्यंत मोजा आणि गप्प राहा. बहुतेक मोठी माणसे दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतात आणि मुलाची पाळी येतच नाही. टाळ्यांचे नेहमीचे बडबडगीत म्हणताना शेवटच्या शब्दाआधी थांबा आणि त्याच्याकडे पाहत राहा. केळे आणि बिस्कीट दोन्ही हातांत धरून कोणते हवे ते विचारा. त्याने बोट दाखवले तरी ते उत्तर आहे, लगेच द्या आणि नाव सांगून द्या. ‘आधी म्हण, मग देते’ असे कधीही करू नका, पाण्यासाठी तर नाहीच. पाहुण्यांसमोर ‘म्हण ना, काका म्हण’ हा आग्रहही बंद व्हायला हवा; त्याने मूल बोलत नाही, मिटते.

जायचे कुठे? अंगणवाडी सेविकेला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाली. त्याचे डॉक्टरांचे पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येते आणि जन्मजात दोष, जीवनसत्त्वांची कमतरता, आजार यांच्याबरोबर विकासातला उशीरही तपासते. पथक यायला वेळ असेल, तर थांबू नका. जिल्हा स्तरावर याच कार्यक्रमाची शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, तिथे बालरोगतज्ज्ञ, श्रवण व वाचा तज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकाच ठिकाणी भेटावेत अशी त्यांची रचना आहे आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. तुमच्या जिल्ह्यातील केंद्राचा पत्ता ग्रामीण रुग्णालयात मिळेल. श्रवणाच्या बाबतीत गुंतागुंत निघालीच, तर मुंबईत वांद्र्याला वाचा व श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

जाताना अतिदक्षता विभागातून मिळालेला कागद नक्की न्या, त्यात दिलेली औषधे, कावीळ आणि डोळ्यांची तपासणी यांची नोंद असते. माता-बाल संरक्षण कार्ड न्या. शब्दांची यादी न्या, दोन्ही भाषांतली, त्यात प्राण्यांचे आवाजही घाला. आणि घरी तो खेळत असताना दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून ठेवा, विशेषतः काही मागतानाचे, कारण दवाखान्यात पाय ठेवताच बरीच मुले रडतात किंवा गप्प होतात आणि डॉक्टरांना जे दिसायला हवे ते दिसतच नाही.

तुमचे डॉक्टर ‘थांबून बघू’ म्हणाले, ते काही चुकीचे नाही. चालण्याच्या बाबतीत ते अगदी बरोबर ठरले. पण पुढच्या भेटीत त्यांना तीन गोष्टी विचारा : कधीपर्यंत थांबायचे, त्या तारखेपर्यंत काय दिसायला हवे, आणि ते दिसले नाही तर पुढे कोणाकडे जायचे. श्रवण चांगले निघाले, नजर आणि बोट दाखवणे ठीक असले, तर मी स्वतः तीन महिन्यांचा काळ सुचवीन, आणि त्या काळात दर महिन्याला नवे शब्द, निदान नव्या खुणा, येत आहेत का ते लिहून ठेवायला सांगेन. सुधारित वयाची दोन वर्षे होताना स्वतःहून जोडलेले दोन शब्द ऐकू आले नाहीत, तर वाचा उपचार सुरू व्हायलाच हवेत. एक गोष्ट मात्र या सगळ्या हिशेबाच्या बाहेर आहे. आज म्हणतो तो ‘ज्जी’ किंवा ‘भू’ पुढे नाहीसा झाला, हाकेला वळणारा मुलगा वळेनासा झाला, आलेली कोणतीही गोष्ट गेली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, मग ठरलेली तारीख कितीही दूर असो.